वाईनचा कोर्स करून आठ महिने झाले, आता सविस्तर लिहितेय

शहरातल्या एका वाईन स्कूलमध्ये डब्ल्यूएसईटी (वाईनचं शिक्षण देणारी ब्रिटिश संस्था) लेव्हल 2 केलं, त्याला आठ महिने झाले. लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चव कुठे बघायची ते कळलं. आधी मी फक्त आवडली किंवा नाही आवडली एवढंच म्हणायचे. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, घोट थुंकल्यावर मान खाली करा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि लाळ किती सुटते बघा, ती अ‍ॅसिडिटी. हिरड्या कोरड्या पडून खरखरीत लागल्या की टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा. इतकं सोपं, पण आजही ग्लास हातात आला की मी आधी हेच करते. थुंकायची पहिल्यांदा फार लाज वाटली, पण एका बैठकीत सात-आठ वाईन चाखायच्या तर दुसरा इलाजच नाही.

दुसरा लक्षात राहिलेला प्रसंग म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन ग्लास. एक शाब्ली (फ्रान्समधली पांढरी वाईन), धारदार, हिरव्या सफरचंदासारखी आणि दुसरी ओकच्या पिंपात मुरलेली, लोणी आणि व्हॅनिलाच्या वासाची. मी पैजेवर सांगितलं असतं की द्राक्षं वेगळी आहेत, पण दोन्ही शार्दोने या एकाच द्राक्षाच्या! हवामान आणि वाईन बनवणाऱ्याचे निर्णय किती फरक पाडतात हे तेव्हा खऱ्या अर्थाने पटलं.

आता जे खटकलं ते. आमची बॅच 22 जणांची आणि प्रत्येक वाईनची बाटली एकच. 750 मिलीत 50 मिलीचे 15 ग्लास होतात, त्यामुळे मागच्या रांगेला जेमतेम दोन घोट, त्यात वास घ्यायचा की चव बघायची. स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) आणि फोर्टिफाइड (वरून स्पिरिट घातलेली) वाईन एकाच संध्याकाळी अक्षरशः उरकली, त्यातल्या शेरीचं तर मला नंतर घरी बसून वाचावं लागलं. आणि या लेव्हलच्या परीक्षेत टेस्टिंग नाही, एका तासात 50 बहुपर्यायी प्रश्न, 55 टक्क्यांना पास, त्यामुळे शेवटी शेवटी अर्धा वर्ग चाखायचं सोडून पाठांतरालाच लागला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

फी भरण्याआधी बॅच किती जणांची आणि माणशी किती सॅम्पल मिळणार हे विचाराच. लेव्हल 3 मध्ये दोन वाईन ब्लाइंड, म्हणजे कोणती आहे ते माहीत नसताना, चाखून लिहायच्या असतात, ते मला करायचंच आहे, पण छोटी बॅच मिळाली तरच.