बी-बॉट की नाओ: चिमुरड्यांना काय दिसतं?
बी-बॉट ही पिवळी-काळी मधमाशी, म्हणजे मुलांचा खेळण्यातला छोटा रोबो. पाठीवरचे बाण दाबून आज्ञा साठवायच्या आणि मग 'गो' दाबायचं: पुढच्या बाणाला ती १५ सेंमी सरकते, वळणाच्या बाणाला जागच्या जागी ९० अंशांत वळते. पोरं जुन्या आज्ञा पुसायला हमखास विसरतात; मग जुनं-नवं मिळून माशी भलतीकडेच निघते आणि खापर तिच्यावर: "ऐकतच नाही ही!" दोन-चारदा असं झालं की बोट आपसूक पुसायच्या बटणाकडे जातं.

५८ सेंमीचा नाओ हा माणसाच्या रूपाचा रोबो; तो माणसासारखा बोलतो, हातवारे करतो. त्याला मुलं थेट विचारतात, "तुला भूक लागते का?" गोष्टी-गप्पांना तो झकास. पण यंत्र आपल्या सांगण्यावर चालतं हे पाच वर्षांच्या मुलाला उमगायचं तर माझं मत माशीलाच. नाओच्या किमतीचं तर विचारूच नका.