गाडीच्या नंबरप्लेटवर वेबसाइटचं नाव: पुण्यात आमची अशी फसवणूक झाली

मसाले, भाजणी, मेतकूट किंवा असंच काही घरून विकणाऱ्या पुण्यातल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. सध्या प्रदर्शनांत स्टॉलवर येऊन एक माणूस ‘नंबर आणि वेबसाइटची जोडी’, म्हणजे गाडीचा पसंतीचा नंबर आणि धंद्याची वेबसाइट एकत्र, विकतोय. आमच्याकडून त्याने ४६ हजार रुपये घेतले. त्यातला एक रुपयासुद्धा आरटीओत भरला गेलेला नाही.

आम्ही नवीन गाडी बुक केली होती आणि वेबसाइटही करायची होती. दोन्ही गोष्टी त्याने बोलता बोलता काढून घेतल्या आणि मग सुरू झाला. “ताई, सिंहगड रोडला संध्याकाळी गाडी किती वेळ अडकते? मागच्या माणसाला बघायला दुसरं काय असतं? तुमची नंबरप्लेट! मग तिच्यावर तुमचा ब्रँड नको का?” मोबाइलमध्ये फोटो तयार होते. ब्रिटनमधल्या एका प्लंबरची व्हॅन, अमेरिकेतल्या बेकरीची गाडी, प्लेटवर धंद्याचं नाव वाचता येईल अशी अक्षरं. फोटो खरे असतीलही. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए हे सरकारी खातंच १९८९ पासून असे नंबर विकतं. अमेरिकेतली राज्यं जादा फी घेऊन आपल्या पसंतीची अक्षरं देतात. पण ते कायदे तिकडचे, आणि हा माणूस ते शिवाजीनगरला लागू असल्यासारखे सांगत होता.

आपल्याकडे काय चालतं ते नीट वाचा, कारण त्याचा सगळा खेळ यावरच आहे. एमएच १२ हा पुण्याचा, एमएच १४ पिंपरी-चिंचवडचा. त्यापुढची अक्षरं म्हणजे सिरीज, ती क्रमाने पुढे सरकते. जादा पैसे भरून निवडता येतात ते शेवटचे चार आकडे, तेही शिल्लक असतील तर. तुमच्या धंद्याची आद्याक्षरं कोणी ‘आतून सेटिंग करून’ मिळवून देतो म्हणाला, तर तो खोटं बोलतोय. आणि वेबसाइटचं नाव तर प्लेटवर कुठेच बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० आणि ५१ मध्ये प्लेटवर काय असावं, अक्षरं केवढी असावीत हे ठरवून दिलंय. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेटच लागते. ८०५५ चं ‘बॉस’ आणि ४१४१ चं ‘दादा’ करून फिरणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसतात, म्हणून ते चालतं असं नाही. फॅन्सी प्लेटला पहिल्या वेळी ५०० आणि नंतर दर वेळी १५०० रुपयांचं चलान आहे.

आमच्याकडून त्याने पैसे तीन तुकड्यांत घेतले: २५ हजार ‘आरटीओची नंबर फी’, १५ हजार वेबसाइटचे, ६ हजार ‘खास प्लेट’चे. सगळे यूपीआयने, एका व्यक्तीच्या खात्यात. बदल्यात पीडीएफ पावती आली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मधे आम्ही मागितलेला नंबर. माझ्या नवऱ्याने ती शोरूममध्ये दाखवली, कारण पसंतीचा नंबर नोंदणीच्या आधीच आरक्षित झालेला असावा लागतो. तिथल्या नोंदणी बघणाऱ्या मुलीने पावती क्रमांक टाकून पाहिला, पुन्हा टाकला आणि म्हणाली, “काका, असा व्यवहारच दिसत नाही.” मग तिने आम्हाला दुसऱ्या एका ग्राहकाची खरी पावती नाव झाकून दाखवली. खऱ्या पावतीवर अर्जदाराचं नाव होतं. आमच्या पावतीवर आमचं नावच नव्हतं.

त्याला फोन केला तर म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे, तुम्ही मिळेल त्या नंबरवर नोंदणी करून घ्या, मी नंतर बदलून देतो. गाडी आल्यावर तो खरोखरच एक प्लेट घेऊन घरी आला. आम्ही ती गाडीच्या प्लेटशेजारी धरून पाहिली. गाडीच्या प्लेटला डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा चकाकता होलोग्राम, त्याखाली निळ्यात ‘आयएनडी’, खालच्या बाजूला लेझरने कोरलेला बारीक क्रमांक, आणि काळ्या आकड्यांवर तिरकं ‘इंडिया’. त्याच्या प्लेटवर होलोग्रामच्या जागी छापील स्टिकर, नखाने निघेल असा. खाली लाल अक्षरांत आमच्या वेबसाइटचं नाव. “ही वरून लावायची, पोलीस दिसले की काढायची,” हे त्याचे शब्द. माझ्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी त्याला चहासुद्धा न विचारता दार दाखवलं.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण धंद्याला खरा फटका वेबसाइटने दिला. आम्ही पाऊचवर, पिशव्यांवर, दिवाळी फराळाच्या बॉक्सवर तिचं नाव छापून घेतलं होतं. नंबर प्रकरणावरून वाद झाला आणि साइट बंद पडली. भाच्याने डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंद तपासली, तर मालक म्हणून त्या माणसाच्याच एजन्सीचं नाव. डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा कोडही त्याच्याच लॉगिनमध्ये. आता म्हणतो, १८ हजार द्या, नाव सोडतो. डॉट इन नावाचं वर्षाचं भाडं साधारण हजाराच्या आतबाहेर असतं, एवढं ध्यानात घ्या. गिऱ्हाईक पाऊचवरचं नाव टाकतं आणि कोरं पान बघून परत जातं, याचा मला जास्त संताप येतो. हे नाव मी आणि माझ्या जावेने मिळून ठेवलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते. नंबर हवा असेल तर परिवहन खात्याच्या साइटवर स्वतः बुक करा. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, पैसे तिथेच भरले जातात, पावती तुमच्या नावाने तिथूनच निघते. काही अडलं तर संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन खिडकीवर विचारा. डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्या, आणि वेबसाइट करणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. चालत्या गाडीवरची वेबसाइट कोणी वाचून लक्षात ठेवतं, यावर माझा तरी विश्वास नाही. आमच्याकडे नवीन ऑर्डर येतात त्या पाऊचवरच्या क्यूआर कोडवरून.

पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. लवकर कळवलं तर समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठवता येऊ शकते. आमच्या व्यवहाराला महिने उलटले होते, त्यामुळे आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. ग्राहक आयोगातही जाणार आहोत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्यालाही ग्राहक म्हणून दाद मागता येते.

आता तो चिंचवडकडच्या प्रदर्शनांत फिरतोय असं एका मैत्रिणीने कळवलंय. एमएच १४ च्या नंबरांसाठी तीच पावती, तोच शिक्का. तुमच्याकडे अशी पीडीएफ आली असेल तर डिलीट करू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि त्याच्याशी झालेलं चॅटिंग यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तुमचीही तक्रार द्या. चार जणांच्या तक्रारीत एकच खातं दिसलं, तर ‘हा व्यवहारातला गैरसमज आहे’ असं त्याला म्हणता येणार नाही.