शिमे ब्लू आणि मदुरो सिगार, जमलं बुवा!
दादाने ब्रसेल्सहून शिमे ब्लूच्या दोन बाटल्या आणल्या, बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट (ख्रिस्ती साधूंच्या) मठातली स्ट्राँग एल बिअर, ९ टक्के अल्कोहोल, आणि काल पाऊस थांबल्यावर इंदूरच्या गच्चीवर एक उघडली, सोबत निकाराग्वाचा मदुरो सिगार. बाटली एकदम चिल्ड काढली ही चूक, चवच कळेना. ग्लास तसाच ठेवला, १०-१२ डिग्रीला आल्यावर मनुका, काळा गूळ, थोडी लवंग असं सगळं वर आलं, वा! मदुरोचं वरचं पान जास्त मुरवलेलं असतं म्हणून कोको-कॉफीसारखी गोडसर चव येते, ती या एलशी इतकी मस्त जुळते की काय सांगू. धूर तोंडातच फिरवून सोडायचा मग छोटा घोट, बुडबुडे जीभ साफ करतात. हलकी लागर बिअर इथे पार झाकून जाते.

सिगार मात्र इथल्याच एका दुकानातला, कोरडाठाक, पेटवल्यावर पान तडकलं आणि अर्ध्यानंतर कडू झाला. ६५-७० टक्के आर्द्रतेत ठेवायला हवा हो, इतके पैसे घेता तर एवढं तरी करा ना! आणि जोडीला लौंग सेव नको, सगळी चव मारते, भाजलेले बदाम बरे. दुसरी बाटली दिवाळीला, दादा आला की.