प्वासी की राँशाँ?
फ्रान्सच्या सहलीत ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाचं एकच काही बघणं जमणार असेल, तर घोडं बहुतेक दोन नावांवर अडतं: प्वासीचा व्हिला सॅव्हॉय (१९३१) आणि राँशाँचं चॅपल (१९५५). मार्सेतली त्याची निवासी इमारत बघायला थेट दक्षिण गाठावी लागते, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

सोयीचं म्हणाल तर प्वासीला तोड नाही. पॅरिसहून आरईआर ही उपनगरी गाडी पकडायची, पुढे बस किंवा थोडी पायपीट, अर्ध्या दिवसात परत. सोमवारी बंद असतं, तेवढं सांभाळा. खांबांवर उचललेलं घर, आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या हे फोटोत पाहिलेलंच असतं. खरी गंमत रॅम्पची. चालता चालता घर उलगडत जावं, ही त्यामागची कल्पना. आणि नेमकं चालताच येत नाही! मी गेलो तेव्हा प्रत्येक वळणावर कुणीतरी पोझ देऊन उभं. त्यांच्या फोटोत आपण नको, म्हणून थांबा. दोन पावलं टाका, पुन्हा थांबा. तुमच्या नशिबी रिकामा रॅम्प असेलही, माझा मात्र मूड तिथेच गेला.

राँशाँ आडबाजूला आहे, हे कबूल. जवळच्या बेलफोर शहराहून तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, वर टेकडीची चढण. पण आत शिरलं की छप्पर आणि भिंत यांच्यामधली वीतभरही नसलेली फट दिसते. तिच्यातून उजेड येतो आणि वरचं एवढं अवजड काँक्रीट अधांतरी वाटू लागतं. दक्षिणेच्या जाडजूड भिंतीतल्या काही खिडक्या बाहेरून चिमुकल्या, आतल्या अंगाला मात्र देवळीसारख्या ऐसपैस. तिथे कितीही वेळ बसा, कुणाच्या मध्ये येत नाही.

पावसाचंही बघा. प्वासीचं छत गळायचं. मालकीणबाईंची तक्रारीची पत्रं प्रसिद्धच आहेत. राँशाँत छपरावरचं पाणी पश्चिमेच्या पन्हळीतून खालच्या काँक्रीटच्या कुंडात कोसळतं. तेव्हा पाऊस लागला तर हळहळू नका.

शिवाय आपल्या सोयीचा एक हिशेब. कॉर्बुझिएचा रॅम्पच बघायचा तर अहमदाबादची त्याचीच मिल ओनर्सची (गिरणीमालक संघाची) इमारत मुंबईहून एका रात्रीवर आहे. चंडीगडही आहेच. राँशाँसारखं मात्र त्याचं भारतात काही नाही.

हाताशी अर्धाच दिवस असेल, बरोबर लहान मुलं असतील, तर प्वासी करा. वाया नक्कीच जाणार नाही. एक रात्र काढता आली तर बेलफोरला मुक्काम टाका. परतीच्या गाडीची वेळ तेवढी टेकडी चढायच्या आधी बघून ठेवा.