गरोदरपणात डबा कोणता: काच, स्टील की ‘बीपीए-फ्री’ प्लास्टिक?

दिवस राहिल्याचं कळलं की अख्खं घर बदलावंसं वाटतं. तेवढी गरज नाही. प्लास्टिकमधून अन्नात उतरणारी, शरीरातल्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणारी रसायनं, म्हणजे बिस्फेनॉल-ए (बीपीए) आणि बहुतेक थॅलेट्स, एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतात. रोज नव्याने आत जातात म्हणून रोज सापडतात. त्यामुळे रोज तोंडात आणि अंगावर जातं तेच आधी बदला. तेही लवकर, कारण मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीचा नाजूक काळ साधारण गरोदरपणाच्या आठव्या ते चौदाव्या आठवड्यातला असतो.

गरम करायला काचच. तेल, आंबट, उष्णता, कशानेही तिच्यातून बीपीए किंवा थॅलेट्स उतरत नाहीत. अडचण झाकणाची: ते बहुधा प्लास्टिकचंच असतं. म्हणून डबा काठोकाठ भरू नका आणि गरम करताना झाकण काढून वर ताटली ठेवा. फ्रीजमधला डबा थेट तापवला तर तडकतो. थोडा वेळ बाहेर राहू द्या.

सोबत न्यायला स्टील. मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, पण पडलं तरी फुटत नाही. बाटली घेताना फसगत होते: बाहेरून स्टीलसारखी दिसणारी ॲल्युमिनियमची असू शकते आणि तिला आतून लेप असतो, कधी कधी बीपीएपासून बनलेल्या इपॉक्सी या राळेचा. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण चांगल्या स्टीललाही तो जेमतेमच चिकटतो. बुडाशी ‘१८/८’ किंवा ‘३०४’ हे स्टीलच्या प्रतीचे आकडे लिहिलेत का ते पाहा.

‘बीपीए-फ्री’वर मात्र आम्ही भिस्त ठेवणार नाही. बीपीएच्या जागी अनेकदा बीपीएस किंवा बीपीएफ ही त्याचीच भावंडं येतात आणि तीही इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखीच वागतात. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ वाचून त्यातून काही झिरपणारच नाही असं धरू नका. तळाच्या त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. तो ३ (पीव्हीसी) असेल, किंवा ७ असून डबा काचेसारखा कडक-पारदर्शक असेल, तर अन्नासाठी नको. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यात कोरडे, थंड जिन्नस ठेवा. ओरखडे पडलेला, धुरकट झालेला डबा बाद.

क्रीम-शाम्पूत ‘अनसेंटेड’पेक्षा ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ घ्या. पहिल्यात मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो, आणि ‘परफ्यूम’ या एका शब्दाआड थॅलेट दडू शकतं.

नॉनस्टिक तव्याची गोष्ट वेगळी. नॉनस्टिक थर ज्या गटातल्या रसायनांचा असतो, त्या पीएफएएस गटातली काही रसायनं शरीरात वर्षानुवर्षं राहतात, नऊ महिन्यांत ती धुवून निघत नाहीत. तरी नवी भर नको, म्हणून तवा रिकामा तापवू नका. २६० अंश सेल्सिअसच्या वर थर विघटित होऊ लागतो. बदलायचाच तर बीड किंवा स्टील घ्या.

दिवसभर बिलाच्या थर्मल पावत्या हाताळायचं काम असेल तर हातमोजे घाला. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी पावती धरू नका, तिच्या कागदावर बीपीए असलं तर ते कातडीतून जास्त शिरतं.

काही गोळ्यांच्या आवरणातही थॅलेट असतं. म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तेच औषध दुसऱ्या आवरणात मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा.