200 वॅटचा फ्लडलाइट आणि दुकानदाराचा गुणाकार

मंडळाच्या कबड्डी मैदानासाठी चार एलईडी फ्लडलाइट घेतले. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर हिशोबच करून दाखवला. "दादा, एकात 200 एलईडी, प्रत्येक एक वॅटचा, वॅटला 130 लुमेन. झाले 26,000. चार दिव्यांचे लाखाच्या वर!" (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा प्रकाश मोजायचं एकक.) खोक्यावरही ठळक 200 वॅट. रात्री दिवे लावले तर मध्यरेषेवरून बोनस लाइन धड दिसेना.

लुमेनची बेरीज होते, हे त्याचं खरंच. एकसारखे 200 एलईडी सारख्याच करंटवर चालले तर एकूण प्रकाश एकाच्या 200 पट. ग्यानबाची मेख त्या 'एक वॅट'मध्ये. ती चिपची कमाल क्षमता. प्रत्यक्ष करंट किती द्यायचा ते ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारं दिव्यातलं सर्किट, ठरवतो. मागचं झाकण उघडलं तेव्हा ड्रायव्हरच्या लेबलवर बारीक अक्षरांत सापडलं: आउटपुट 80–130 व्होल्ट, 600 मिलिअँपिअर. 130 गुणिले 0.6, म्हणजे फार तर 78 वॅट. 200 एलईडींत वाटले की एकेकाच्या वाट्याला 0.4 वॅटसुद्धा नाही. अशा मालाला वॅटमागे 110 लुमेन धरले आणि काच-उष्णतेत दहा-पंधरा टक्के गेले, तर एका दिव्याचे साधारण 7,500 उरतात. चारांचे 30,000. लाखाचे बारा हजार म्हणतात, आमचे निदान तीस तरी झाले!

झाकण उघडायचं नसेल तर घरच्या मीटरवर बघा. बाकी सगळं बंद करून एकच दिवा लावायचा आणि मीटरवरच्या लाल दिव्याची उघडझाप मोजायची. आमच्या मीटरवर युनिटला 3200 पल्स, म्हणजे तेवढ्या उघडझापा, लिहिलंय. खरा 200 वॅटचा दिवा पाच मिनिटांत 53 वेळा लुकलुकवेल. आमचा 23 वर थांबला, म्हणजे जेमतेम 86 वॅट, तेही ड्रायव्हर स्वतः खातो ते धरून.

दुकानदाराला हे दाखवलं तर म्हणे, "वॅट म्हणजे मॉडेलचा नंबर असतो हो." बिलावर पाहिलं तर 'फ्लडलाइट, 4 नग' एवढंच. वॅट नाही, लुमेन नाही. घेतानाच दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या, ड्रायव्हरचं लेबल दुकानातच वाचा. खोकी आम्ही फेकली नव्हती, त्यावरचा 200 चा आकडा फोटोसकट ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, कळवला आहे. दुकानदार आता दोन दिवे परत घ्यायला तयार झालाय, उरलेल्या दोन दिव्यांवर घासाघीस चालू आहे.