सिग्नल वापरून आठ महिने: आई, सोसायटी आणि टँकर

"आई, सिग्नल टाकून देते तुझ्या फोनमध्ये" म्हटलं तर आई म्हणाली, "कुठला, तीन हात नाक्याचा?" तिथून सुरुवात. व्हॉट्सअ‍ॅपसारखंच हे मेसेजचं अ‍ॅप वापरून आता आठ महिने झालेत, म्हणून लिहितेय.

घोडबंदर रोडला फ्लॅट बघत होतो, तेव्हा एका बिल्डरच्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नंबरवर बजेट, पगार, लोन किती हवंय सगळं टाइप केलं आणि आठवड्याभरात लोनवाले, इंटिरियरवाले, मॉड्युलर किचनवाले, दिवसाला चार-पाच फोन. मला वाटलं अ‍ॅपच फोडतंय. नंतर वाचल्यावर कळलं तसं नाहीये, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत (म्हणजे पाठवणारा आणि ज्याला पाठवला तो सोडून मधलं कोणी, अ‍ॅपवाले पण, वाचू शकत नाहीत) आणि गंमत म्हणजे त्यात प्रोटोकॉल, म्हणजे मेसेज कुलूपबंद करायची पद्धत, सिग्नलचाच आहे, पण समोर कंपनीचा नंबर असला की तो मेसेज त्यांच्या ऑफिसातलं कोणीही वाचणार, त्यांनी नेमलेली एजन्सी पण वाचू शकते. म्हणजे नंबर बिल्डरकडूनच फिरला असणार, आणि तिथे सिग्नल असतं तरी काय दिवे लागले असते!

मग बदललं कशाला? मजकुराच्या आजूबाजूच्या माहितीसाठी. आपण किती वाजता, किती वेळा वापरतो, ग्रुपचं नाव काय, फोन कुठला, हे गोळा करतो असं व्हॉट्सअ‍ॅपच्या पॉलिसीतच आहे. सिग्नलकडे २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टामार्फत माहिती मागितली तर त्यांच्याकडे द्यायला निघालं काय, तर खातं उघडल्याची तारीख आणि शेवटचं कनेक्ट झाल्याची तारीख. बस. मला तेवढं पुरलं.

दादा म्हणे टेलिग्राम घे. पण तिथे साधं चॅट एंड टू एंड नसतंच, सीक्रेट चॅट वेगळं उघडावं लागतं आणि ते दोघांतच, ग्रुपला नाही. गप्प बसला.

आता खरं दुखणं. माझ्या सिग्नलवर माणसं पाच. नवरा, आई, दादा, दोन मैत्रिणी. टँकर कधी येणार, लिफ्ट बंद, गणपतीची वर्गणी, हे सगळं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच, तो सोडला तर एक दिवस अंघोळीला पाणी नसेल आणि मला कळणारही नाही. मीटिंगमध्ये विषय काढून बघितला. सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो ताई, आपल्यात लपवण्यासारखं आहे काय?" त्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर मेंटेनन्स थकवलेल्यांच्या यादीचा फोटो आला, फ्लॅट नंबर, नाव, रक्कम सगळं. यावर कुठलं एन्क्रिप्शन चालणार सांगा!

सिग्नलला खातं काढायला मोबाइल नंबर लागतोच, पण २०२४ पासून युजरनेम ठेवता येतं, नंबर न देता बोलता येतं. जुनी सायकल विकताना मोठ्या हौसेने गिऱ्हाइकाला युजरनेम पाठवलं. त्याच्याकडे सिग्नलच नव्हतं. दिला नंबर.

आणि जुलैमध्ये ठाणे स्टेशनला पावसात फोन गेला, कायमचा. नवीन फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं परत आलं, कारण गुगल ड्राइव्हवर बॅकअप होता (जो मुद्दाम चालू केल्याशिवाय एंड टू एंड नसतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही). सिग्नलचं काहीच आलं नाही. बॅकअप आपण स्वतः चालू करायचा असतो, त्याची लांबलचक किल्ली लिहून ठेवायची असते, मी दोन्ही केलं नव्हतं, चूक माझीच. त्यात आईचे व्हॉइस मेसेज होते, मेतकुटाला कुठली डाळ किती, किती भाजायची, मध्येच "थांब गं, दूध उतू जातंय".

आता बॅकअप चालू आहे, किल्ली तांदळाच्या डब्याखालच्या वहीत. आईला प्रमाण परत विचारलं तर म्हणते, "अंदाजाने घाल."